लवूच्या कलमाचा साका

आंबा हातात आला की भागोजी आधी देठ बघायचा, मग साल, आणि शेवटी आंबा तळहातावर ठेवून क्षणभर डोळे मिटायचा. फळ तयार आहे की नाही ते त्याला वजनावरून कळायचं. चाळीस वर्षं त्याने पावस गावाच्या आसपासच्या बागांत आंबा काढला. गुडघे गेल्यावर झाडावर चढणं सोडलं, पण जमिनीवर उभं राहून घळीने, म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीने, फळ झेलायचं काम तो अजून करत होता. ते काम त्याच्याइतकं नीट करणारा वाडीत दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःही चारचौघांत बोलून दाखवायचा.

सालीवरचा प्रत्येक डाग तो ओळखायचा. देठ तुटून चीक ओघळला की काळपट पट्टा उमटतो; ती काढणाऱ्याची चूक. उन्हाच्या अंगाला साल पिवळी पडून करपते, ती उन्हाची. तपकिरी, खरखरीत असेल तर किडीची. डाग दिसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त करता येतो. फळ बाजूला काढायचं, घरी खायचं नाहीतर कॅनिंगला धाडायचं.

साका दिसत नाही. आंबा बाहेरून पिवळाधमक असतो, वास घरभर सुटलेला असतो. सुरी लावली की कळतं. मधला केशरी रंग उडून तिथे पिवळट पांढरं काहीतरी झालेलं असतं, पाण्यात भिजवलेल्या पावासारखं भुसभुशीत, चवीला आंबट. त्याला साका म्हणतात. कोणी साका धरला म्हणतं, कोणी झाला म्हणतं, कोणी निघाला म्हणतं. पावसकडे एप्रिल-मेमध्ये हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस जात नाही. व्यापाऱ्याचा फोन आला की बागवाला नमस्काराच्या आधी विचारतो, "साका नाय ना निघाला?" पाहुण्यांना आंबा कापताना घरची बाई पहिली फोड पाठमोरी होऊन बघते आणि साका असला तर ती बशी गुपचूप आत नेते. दुकानाच्या पायरीवर बसणारे म्हातारे गोऱ्यागोमट्या पण आळशी जावयाबद्दल म्हणतात, "वरनं हापूस, आत साका." नव्या भिंतीचा गिलावा पोकळ वाजला की गवंडीसुद्धा तेच म्हणतो.

भागोजी मात्र हा शब्द जपून वापरायचा. साका कशाने होतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नवीन गड्यांना तो हेच शिकवायचा. "फळ झाडावर अती पिकू देऊ नको. ऊन चढायच्या आत उतरव. आणि उतरवलेला आंबा कातळावर ठेवू नको. वरनं पेंढा टाकून सावली केलीस म्हणून भागत नाय. कातळ खालनं भाजतो."

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याने स्वतःच तसं केलं.

लवू हा त्याचा कामातला जोडीदार. पंचवीस वर्षं एक वर, एक खाली, अशी दोघांची जोडी होती. लवूच्या घरामागे कातळाच्या कडेला एकच कलम होतं. ते दोघांनी मिळून लावलेलं. सुरुंगाने खड्डा फोडला होता आणि खालच्या शेतातली माती डोक्यावरून वाहून त्यात भरली होती. नऊ वर्षांपूर्वी लवू काविळीने गेला. तेव्हापासून त्या झाडाची काढणी भागोजी करायचा, मजुरी न घेता. लवूची बायको मालन दर वर्षी त्याला चहा आणि पहिल्या पिकल्या आंब्यांतले सहा द्यायची.

त्या वर्षी मालनची मुलगी मृणाली सात महिन्यांची गरोदर होती. तिचं सासर रत्नागिरीत. डोहाळजेवण तिथेच ठरलं होतं आणि मालनने विहिणीला सांगून ठेवलं होतं, आमरस आमच्या कलमाचा. काढणीच्या दिवशी मालन तारीख ठरवायला रत्नागिरीला गेली होती. मुलगा सुजय मिरजोळ्याला कारखान्यात, सकाळच्या पाळीला. घराची किल्ली भागोजीकडे होती.

नऊ वाजेपर्यंत आठ क्रेट भरले. झाडापासून घराला वळसा घालून पुढल्या पडवीपर्यंत चाळीस पावलांचा चढ. एका खेपेला एक क्रेट. भागोजीने दोन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तो वाकला आणि उजव्या गुडघ्यातून कळ गेली. पहिल्यांदाच गेली असं नाही. रोज जायची आणि रोज तो तशीच खेप घालायचा. त्या दिवशी त्याने सहा क्रेटांवर पेंढ्याच्या दोन पेंड्या सोडून पसरल्या आणि मनात म्हटलं, जरा बसून येतो. घरी आला. चहा घेतला. मग भात खाल्ला. मग आडवा झाला.

चार वाजता जाग आली. तो तसाच निघाला. पेंढा वरून गार होता. त्याने एक क्रेट उचलला आणि त्याच्याखालच्या कातळावर तळवा टेकवला. टेकवला तसा उचलला.

मग त्याने सहाही क्रेट एकामागून एक पडवीत नेले. गुडघा दुखलाच, पण सहाही नेले. पेंढ्यात अढी लावताना सगळे आंबे एकत्र झाले. कोणी बघितलं नाही. काही होणारही नाही, त्याने स्वतःला सांगितलं. एक दिवस काय होतंय!

डोहाळजेवणाला चाळीस बायका जमल्या होत्या. रस काढायला बसलेल्या बायकांनी पहिला आंबा पिळला, तो पांढरा. दुसरा पांढरा. मग सुरीने कापून बघू लागल्या. चारांतले तीन वाया. विहीणबाई आनंदीबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण जीभ तिखट. सगळ्यांच्या देखत त्या म्हणाल्या, "मालनताई, सुनेला आंबट खावंसं वाटतं म्हणून मुद्दाम निवडून धाडलेत काय?" बायका हसल्या. शेवटी डब्यातला रस आणून वेळ निभावली. मालन संध्याकाळच्या एसटीने परत आली ती थेट झाडाखाली जाऊन उभी राहिली. तिने भागोजीला बोलावणं धाडलं.

"भावोजी, असं कशानं झालं ओ? चारांत तीन गेले."

तेव्हा भागोजीने मनात हिशेब केला. आठ क्रेट. दोन वर नेले, सहा कातळावर. चारांत एक चांगला, तीन वाईट. हिशेबात एका आंब्याचाही फरक नव्हता.

त्याने झाडाकडे बघितलं, बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कलम म्हातारं झालं, वयनी. जुन्या झाडाला धरतो साका. एकदा धरला की सुटत नाय."

झाड एकतीस वर्षांचं होतं. हापूसचं कलम शंभर वर्षं फळतं. हे त्याला माहीत होतं, आणि मालनलाही कधीतरी लवूने सांगितलं असेल. पण सांगणारा भागोजी होता. आंब्यातलं त्याने सांगितल्यावर वाडीत कोणी पुन्हा विचारत नसे. मालननेही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी झाड फळलं नाही. हापूस एक वर्ष आड विश्रांती घेतोच. पण मालनला वाटलं, बरोबर, झाड फिरलं. वाडीत शब्द पसरायला वेळ लागला नाही. टेम्पोवाल्याला वाट सांगतानाही लोक म्हणू लागले, "साक्याच्या कलमाकडनं डावीकडे वळ." भागोजी ते ऐकायचा आणि पायातल्या चपलेकडे बघायचा.

यंदा झाड लगडलं. एप्रिलच्या शेवटी दोन आंबे आपोआप गळून पडले. मालनने ते कापले. दोन्हींत साका. तिने ते भागोजीच्या घरी आणून दाखवले. झाडावर पिकून पडलेल्या फळात बहुतेक वेळा साका असतोच, त्यावरून झाड ओळखायचं नसतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. भागोजीची बायको कमळा बाजूला उभी होती. भागोजी म्हणाला, "हां." आणि आत निघून गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, सुजय त्याला थांब्यावर भेटला. चांगला मुलगा. लग्न ठरत आलं होतं, घराला मागे खोली काढायची होती. तीन वर्षं तो आईला सांगत होता की झाड मध्ये येतंय, आणि तीन वर्षं मालन म्हणत होती, माझ्या जिवंतपणी नाय.

"काका, आई तयार झाली एकदाची," सुजय म्हणाला. "परवानगीचा कागदपण आला. गुरुवारी बाबल्या येतोय कटर घेऊन. फळं तोच उतरवून कॅनिंगला घालील. नायतरी साक्याचीच ती."

"वयनी काय म्हणाली?"

"काय म्हणणार? म्हणाली, भागोजीभावोजींनी सांगितलंय म्हणजे झालंच." सुजय हसला. "तुमच्यामुळे माझं काम झालं बघा. मी सांगून थकलो होतो."

एसटी आली. सुजय चढला. भागोजीला पावसला जायचं होतं, पण तो चढला नाही.

आपण खरं न सांगता झाड वाचेल का, हे त्याने आधी बघितलं. ही गोष्ट त्याला नंतर सगळ्यात जास्त टोचली. त्याने विचार केला, उद्या पहाटे फळ उतरवलं, नीट सावलीत नेलं, अढी लावली, कापून दाखवलं, आणि सगळा गर केशरी निघाला, तर म्हणता येईल की यंदा हवा चांगली होती, झाड सुधारलं. नाव आपलं राहील, झाड लवूचं राहील. पण आंबा पिकायला दहा दिवस. गुरुवार तीन दिवसांवर. आंबा त्याच्यासाठी घाई करणार नव्हता.

तरी मंगळवारी सकाळी तो घळ खांद्यावर टाकून गेला. मालन अंगणात कोकमं वाळत घालत होती. हात कोपरापर्यंत लाल.

"वयनी, झाड उतरवून देतो म्हटलं. नीट काढतो. बाबल्या काठीनं झोडपील."

"झोडपू दे, भावोजी. साक्याच्या आंब्याला मऊ हात कशाला?"

"यंदा नसेल कदाचित."

मालनने मान वर केली. "तुमीच म्हणालात, एकदा धरला की सुटत नाय."

"म्हणालो."

"मग?"

भागोजीने घळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. "काही सांगता येत नाय झाडाचं."

"तुमाला सांगता येतं म्हणून तर विचारलं होतं मी," मालन म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "बसा. चहा टाकते. दोन वर्षं मी त्या झाडाखाली बसले नाय बघा. ह्यांनी लावलं म्हणून जीव होता. पण मृणालीला अजून सासू बोलते. बाळाला सर्दी झाली तरी म्हणते, आजीच्या आंब्याचा गुण. मस्करीच करते, पण पोरगी रडते फोनवर. ते झाड गेलं की तो शब्द तरी जाईल."

चहा आला. भागोजीने तो उभ्यानेच संपवला आणि घळ घेऊन परत आला. तोंडात शब्द होते. चहाबरोबर ते खाली गेले.

बुधवारी त्याने जेवणाचं ताट सरकवलं. कमळाने ते पुन्हा त्याच्यापुढे केलं.

"काय झालंय? दोन दिवस बघतंय मी. पोट बिघडलं की डोकं?"

"काय नाय."

"मग जेवा. बांगडा महाग झालाय, तो काय मांजराला घालू?"

तो जेवला नाही. मग सांगू लागला. दोन खेपा, सहा क्रेट, पेंढा, चहा, भात, झोप. सांगताना त्याने काही गाळलं नाही, गुडघ्याचं मात्र दोनदा सांगितलं.

कमळा ऐकत राहिली. तिने बांगड्याचा काटा बोटाने बाजूला केला.

"गुडघा दुखत होता," ती म्हणाली.

"होय गो."

"आणि वयनीला झाडाचं सांगितलं तेव्हा काय दुखत होतं?"

भागोजी ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"पेंढा टाकून झोपलात ती चूक. ती कोणाकडनंही होते. पण तुमी त्या माऊलीच्या तोंडावर झाडाचं नाव घेतलंत. दोन आंबे घेऊन ती आपल्या दारात आली, तेव्हापण गप्प. मी इथंच होते, माझ्यासमोर गप्प." तिने ताट उचललं. "मला सांगून काय उपयोग? मी कापतंय झाड?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, भागोजीत साका निघाला. म्हणू दे. खोटं आहे काय?"

ती आत गेली. मांजराला बांगडा मिळाला.

गुरुवारी सात वाजता कटरचा आवाज आला. बाबल्या यंत्र चालू करून बघत होता. भागोजीने चपला घातल्या नाहीत, तसाच निघाला. तो पोचला तेव्हा यंत्र बंद होतं आणि बाबल्या खालच्या फांदीला दोर बांधत होता. सुजयने कामावर रजा टाकली होती. मालन मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, झाडाकडे पाठ करून.

"काय भागोजीभाऊ, लाकूड हवं काय?" बाबल्या ओरडला. "चुलीला बरं जळतं हापूसचं."

"दोर सोड, बाबल्या."

"सोडतो की. फांदी पडली की सोडतो."

"आता सोड. मला वयनीशी बोलायचंय. त्यानंतर ती सांगेल तसं कर."

त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. बाबल्याने सुजयकडे बघितलं, सुजयने आईकडे. मालन उठून आली.

भागोजी ठरवून ठेवलेलं सगळं विसरला. तो एवढंच म्हणाला, "वयनी, त्या वर्षी चारांत तीन गेले होते ना?"

"होय. का?"

"आठ क्रेट निघाले होते. दोन मी सकाळीच पडवीत नेले. सहा इथं कातळावर ठेवले, ह्या इथं. वरनं पेंढा टाकला आणि घरी जाऊन झोपलो. चारला उठलो. तेव्हा कातळाला हात लाववत नव्हता. मग वर नेले आणि अढीत सगळे मिसळले. आठांत सहा. चारांत तीन. झाडाचा काही दोष नाय. दोष माझा."

मालनचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"मग जे दोन गळून पडले ते?"

"गळलेल्या फळात असतोच साका. कुठल्याही झाडाच्या. मला ठाऊक होतं. बोललो नाय."

"आणि म्हातारं झालं म्हणालात ते?"

"खोटं. लवू असता तर हसला असता मला."

"ते असते तर," मालन म्हणाली, "तुमी खोटं बोलला नसता."

भागोजीने मान खाली घातली. सुजयने मध्ये तोंड घातलं. "आई, आता काय त्याचं. कागद झालाय. खोली काढायची आहे ती काढायचीच आहे. काका बोलले ते बरं झालं, पण—"

"तू गप्प." मालनचा आवाज चढला नाही, पण सुजय गप्प झाला. ती भागोजीकडे वळली. "चाळीस पावलं. मी रोज दोन हंडे घेऊन चढतंय ती. तुमी मला सांगितलं असतंत, वयनी, चुकलं, तर मी एक शब्द बोलले नसते. त्या चाळीस बायकांपुढं मी माझ्या माणसाच्या झाडाला शिवी ऐकली. आणि घरी येऊन मीपण दिली. दोन वर्षं दिली."

"वयनी, तुमी काय म्हणाल ते—"

"मी काय म्हणू? फोन लाव, सुजय."

"कुणाला?"

"मृणालीच्या सासूला. मोठ्यानं ठेव. हे सांगतील."

सुजयला ते आवडलं नाही. पण त्याने लावला. पलीकडून आनंदीबाईंचा आवाज आला, मागे बाळाचं रडणं.

भागोजीने फोन हातात घेतला. आंबा धरावा तसा, दोन्ही हातांनी. "नमस्कार. मी भागोजी. मालनवयनीच्या घरची आंबाकाढणी मी करतो. तुमच्याकडे डोहाळजेवणाला जे आंबे आले, ते मी तापल्या कातळावर ठेवले होते. दुपारभर. म्हणून साका झाला. झाड चांगलं आहे. वयनीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं."

"अहो, ते इतकं काय," आनंदीबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "सगळ्यांसमोर बोलले मी त्यांना. नंतर मलाच वाटलं होतं. पण गंमत म्हणून सुरू झालं ते सुरूच राहिलं." पुन्हा थांबल्या. "मालनताईंना द्या जरा."

मालनने फोन घेतला, मोठा आवाज बंद केला आणि ती घरात गेली. तिघे पुरुष झाडाखाली राहिले. बाबल्याने बिडी काढली, पेटवली नाही.

"म्हणजे माझा रोज गेला," तो म्हणाला.

"माझी खोली गेली," सुजय म्हणाला. तो भागोजीकडे बघत नव्हता. "काका, तुम्ही दोन वर्षं गप्प होतात. आणखी एक दिवस गप्प राहिला असतात तर?"

"तर मेल्यावरपण गप्प राहिलो असतो," भागोजी म्हणाला.

मालन बाहेर आली. डोळे पुसलेले होते, पण चेहरा कठीण होता. "बाबल्या, दोर सोड. तुझ्या फेरीचं सुजय बघील. सुजय, खोली पुढल्या अंगाला काढ. पडवी मोडावी लागली तर मोड."

"पडवी मोडायची?"

"मोड."

मग ती भागोजीला म्हणाली, "फळ तयार हाय काय?"

भागोजीने वर बघितलं. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. "परवापासून उतरवायला हरकत नाय. मी पहाटे—"

"तुमी नाय."

तो थांबला.

"काढणी सुजय करील," मालन म्हणाली. "घरचं झाड हाय. तुमी येऊ नका."

"मी?" सुजय म्हणाला. "मला येते कुठे?"

"शीक."

भागोजी घरी आला. कमळाने विचारलं, झाड राहिलं काय? त्याने मान हलवली. वयनी काय म्हणाली? त्याने ते सांगितलं नाही. दुपारी तो दुकानाच्या पायरीवर गेला आणि तिथे बसलेल्यांना सगळं सांगितलं, विचारायच्या आधी. ऐकून एक म्हातारा म्हणाला, "तू? कातळावर?" बाकीच्यांनी विषय बदलला. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर दोन दिवसांत एका बागवाल्याचा निरोप आला, उद्याच्या काढणीला दुसरा माणूस बघितलाय. त्याने त्या माणसाला दोष दिला नाही. आपणही दुसरा बघितला असता.

रविवारी पहाटे तो गेला. आत गेला नाही. दगडी गडग्याच्या बाहेर, वाटेवर उभा राहिला. आतलं सगळं दिसत होतं. सुजय घळ उचलून धडपडत होता. काठी लांब, आणि जाळीचं तोंड फळाखाली नेमकं येत नव्हतं. एक आंबा देठ तुटून खाली पडला आणि चीक उडाला. मालन क्रेट घेऊन उभी होती. भरलेला क्रेट सुजयने खाली ठेवला, तर तिने तो लगेच उचलायला लावला. पडवीत नेऊन ठेव, मग पुढचा भर. सुजय घामाघूम झाला होता.

भागोजी तिथे कशाला उभा होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात रिकामे होते. पंचवीस वर्षं लवू वर आणि तो खाली, हाच कातळ, हीच वेळ. एकदा त्याचा हात आपसूक वर गेला, घळ कुठे धरायची ते दाखवायला. त्याने तो खाली घेतला.

सुजयने वरच्या फांदीवरचं एक मोठं फळ हेरलं. जाळी त्याखाली नेली आणि थांबला. देठालगतच्या खांद्यांशी फळ भरलेलं दिसत होतं, पण रंग अजून गडद हिरवा. त्याला ठरवता येईना. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि गडग्यापलीकडे भागोजी दिसला.

"काका, हे घेऊ काय?"

भागोजीने तोंड उघडलं आणि मालनकडे बघितलं. मालन क्रेटातले आंबे पेंढ्यावर उलटे मांडत होती. तिने मान वर केली नाही. एक आंबा मांडला, दुसरा मांडला.

"सांगा त्याला," ती म्हणाली. "नायतर कवळं तोडील."

भागोजीने झाडाकडे बघितलं. एरवी तो चालता चालता सांगून मोकळा झाला असता. आता त्याने डोळे बारीक केले, डावीकडे दोन पावलं गेला, तिथून बघितलं, परत आला. पानांमधून ऊन नीट पडेना. खात्री होईना. चाळीस वर्षांत जे त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते निघालं.

"इथनं नाय कळत," तो म्हणाला. "ते ठेव तसंच. पुढच्या रविवारी जवळनं बघ."

सुजयने जाळी काढून घेतली आणि दुसऱ्या फांदीकडे वळला.